दोन पायल्या बाजरी आणि जन्नतची बाग

स्नेहसंमेलनाच्या तयारीचे दिवस होते. तास होत नव्हते. वर्गात आठ-दहा जण गप्पा मारीत बसलो असता एका मित्राने मला सहज विचारले, "काय गं, तुमच्या स्वर्गात म्हणे प्रत्येकाला बहात्तर पऱ्या मिळतात. मग तुम्हा मुलींना काय मिळतं?" सगळे हसले. मीही हसले. त्याच्या विचारण्यात वाईट हेतू नव्हता हे मला ठाऊक होते. दुसऱ्याच दिवशी त्याच्या वहीतून मला टिपणे उतरून घ्यायची होती. परंतु माझ्या हसण्याचे खरे कारण वेगळे होते. मला उत्तर येत नव्हते.

लहानपणी मौलवीसाहेबांपुढे बसून मी अरबी वाचायला शिकले. सिपाऱ्यामागून सिपारे वाचले, छोट्या सूरह पाठ केल्या. अर्थ आम्ही विचारला नाही आणि कोणी सांगितलाही नाही. जन्नत म्हणजे चांगली जागा आणि दोजख म्हणजे आग, एवढ्या भांडवलावर मी तृतीय वर्ष कलापर्यंत आले. त्या गप्पांनंतर चार महिन्यांनी माझी दादी वारली, आणि जाता जाता तिने अशी काही गोष्ट केली की मित्राचा प्रश्न मला पुन्हा नव्याने आठवला. मी धर्मशास्त्राची जाणकार नाही, मराठीची विद्यार्थिनी आहे. तेव्हा या लेखाकडे प्रवचन म्हणून पाहू नये. मित्राला द्यायचे राहून गेलेले उत्तर, एवढेच याचे स्वरूप आहे.

प्रथम त्या बहात्तरांचा निकाल लावते. कुराणात 'हूर' हा शब्द चार ठिकाणी आला आहे. काळ्याभोर बुबुळांच्या, टपोऱ्या डोळ्यांचे हे वर्णन आहे. बहात्तर हा आकडा मात्र कुराणात कोठेही नाही. तो काही हदीसांत, म्हणजे पैगंबरांच्या सांगितल्या गेलेल्या वचनांत येतो, आणि त्या वचनांच्या खरेपणाविषयी खुद्द हदीसच्या पंडितांमध्ये मतभेद आहेत. गंमत अशी की ज्यांना कुराणाविषयी दुसरे काहीच ठाऊक नाही त्यांना हा कुराणात नसलेला आकडा पाठ असतो. याचा दोष मी केवळ हसणाऱ्यांना देणार नाही. अमुक जप इतक्या वेळा केला की इतके महाल, तमुक रात्र जागवली की इतके पुण्य, असा भाव ठरवून जन्नत विकणारे वक्ते आमच्यातही आहेत. दुकानदारानेच मालाची अशी जाहिरात केल्यावर गिऱ्हाइकाने थट्टा केली तर रागावण्यात काय अर्थ?

राहिला मुलींचा प्रश्न. तो माझ्या मित्राच्या आधी चौदाशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि तोही एका स्त्रीने. पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा यांनी विचारले, की ईश्वराच्या वाणीत पुरुषांचा उल्लेख येतो तसा आम्हा स्त्रियांचा का येत नाही? त्यानंतर सूरह अहजाबमधील पस्तिसावी आयत उतरली, अशी परंपरा आहे. ही आयत मुद्दाम वाचण्यासारखी आहे. श्रद्धावान पुरुष आणि श्रद्धावान स्त्रिया, खरे बोलणारे पुरुष आणि खरे बोलणाऱ्या स्त्रिया, अशा दहा जोड्या तीत एकापाठोपाठ येतात आणि शेवटी दोघांनाही एकच क्षमा व एकच मोठे फळ सांगितले आहे. एवढे स्पष्ट असताना पुढील काळातील टीकाकारांनी जन्नतचे वर्णन रंगवताना पुरुष वाचकच डोळ्यांपुढे ठेवला असे मला वाटते. लिहिणारे पुरुष, ऐकणारे पुरुष. मूळ वचनाला इलाज होता, टीकेला कोण करणार?

असो. मला खरे सांगायचे आहे ते निराळेच.

'जन्नत' या अरबी शब्दाचा अर्थ बाग. 'फिरदौस' हा शब्द जुन्या इराणी भाषेतून आला. भिंतीने वेढलेली बाग असा त्याचा मूळ अर्थ आहे. कुराणात या बागेतील नद्या सांगितल्या आहेत: न नासणाऱ्या पाण्याची, चव न बिघडणाऱ्या दुधाची, पिणाऱ्याला गोडी देणाऱ्या मद्याची आणि निर्मळ मधाची. वाळवंटातील लोकांना स्वर्ग म्हणजे पाणी व सावली वाटावी यात नवल नाही, असे यावर सरसकट म्हटले जाते. ते खरे आहे. पण त्यासाठी अरबस्तानात जाण्याची काय गरज? आपल्या जिल्ह्यात पाण्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कोपरगावला गोदावरी आहे, कालवे आहेत, ऊस आहे. तरीही १९७२ च्या दुष्काळाची आठवण निघाली की येथली म्हातारी माणसे आवाज खाली करून बोलतात.

म्हणूनच की काय, या बागेच्या कल्पनेने आपल्या मुलखात घर केले. निजामशाहीत अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) शहराबाहेर एक बाग उभी राहिली. तिचे नाव 'हश्त बिहिश्त', म्हणजे आठ स्वर्ग. जन्नतला आठ दारे आहेत या समजुतीशी या आकड्याचे नाते आहे. पाण्याच्या मधोमध अष्टकोनी महाल आणि भोवती झाडी, अशी तिची रचना होती. आज तेथे पाणीही नाही आणि बागही नाही. पडक्या महालाला लोक बेहेस्तबाग म्हणतात.

दुसरी बाग छत्रपती संभाजीनगरला आहे. बीबी का मकबरा आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. मधून जाणारे पाण्याचे पाट आणि त्यांनी केलेले बागेचे चार भाग हा मोगल चारबागेचा नमुना. जन्नतच्या चार नद्यांचे रूप म्हणून तो ओळखला जातो. १६५७ साली वारलेल्या दिलरस बानू बेगमेची कबर तेथे आहे. तिला 'राबिया-उद्-दौरानी' म्हणतात, म्हणजे आपल्या काळाची राबिया. आता ही मूळची राबिया कोण? आठव्या शतकात बसरा शहरात होऊन गेलेली ही गरीब संत स्त्री. तिच्याविषयी अशी कथा सांगतात, की ती एकदा एका हातात विस्तव आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन रस्त्याने धावत निघाली. लोकांनी कारण विचारले तेव्हा म्हणाली, की स्वर्गाला आग लावायला आणि नरक विझवायला निघाले आहे. मग लोक लोभ किंवा भीती सोडून केवळ ईश्वरासाठी ईश्वराची भक्ती करतील. जिला स्वर्ग जाळायचा होता तिचे नाव असलेल्या बाईच्या थडग्याभोवती स्वर्गाचीच प्रतिकृती उभारली गेली आणि आपण तेथे फोटो काढून आलो! सहलीच्या वेळी हे कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

राबिया एकटीच असे म्हणत होती असे नाही. जन्नतमधील बागा, महाल, नद्या यांचे वर्णन करून झाल्यावर कुराण सांगते, की या सर्वांपेक्षा ईश्वराची प्रसन्नता मोठी. दुसऱ्या एका ठिकाणी म्हटले आहे, की तेथे माणसासाठी काय राखून ठेवले आहे हे कोणत्याही जिवाला ठाऊक नाही. म्हणजे एका हाताने चित्र दाखवायचे आणि दुसऱ्या हाताने ते अपुरे आहे असेही सांगायचे. फळे व पाणी ही आपल्याला कळेल अशी भाषा झाली.

याच संदर्भात मराठीची विद्यार्थिनी म्हणून मला एक अडचण नोंदवायची आहे. आपण जन्नतला स्वर्ग म्हणतो, मीही वर तसेच म्हटले, पण हे भाषांतर बरोबर बसत नाही. हिंदू विचारात स्वर्ग हा मुक्काम आहे. पुण्य संपले की जीव परत फिरतो. जन्नत कायमची आहे. मग तिला मोक्ष म्हणावे, तर तेही जमत नाही. मोक्षात 'मी' उरत नाही, निदान अद्वैती तरी तसेच मानतात. जन्नतमध्ये मात्र मी माझ्या देहासह, माझ्या नावासह, माझ्या केलेल्या-न केलेल्याच्या आठवणीसह उभी असते. मृताला जाळण्याऐवजी पुरण्याचा आग्रह आणि कबरीविषयीचा आदर यांच्यामागे हेच देहासह उठण्याचे भान आहे. या बाबतीत कोपरगावकरांनी फारसा अचंबा करू नये. बेटावर शुक्राचार्यांचे मंदिर आहे. मेलेल्याला उठवणाऱ्या संजीवनी विद्येची आणि कच-देवयानीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो; येथल्या साखर कारखान्यालाही पूर्वी संजीवनीचेच नाव होते. फरक इतकाच, की कच तीन वेळा उठला तो येथेच जगण्यासाठी. कयामतला उठायचे ते हिशेबासाठी.

हा हिशेब म्हणजे या साऱ्या कल्पनेचा कणा आहे असे माझे मत झाले आहे. माणूस मरतो, त्याला कबरीत ठेवतात, लोक परत फिरतात. मग मुनकर आणि नकीर हे दोन फरिश्ते येऊन त्याला विचारतात, तुझा पालनकर्ता कोण, तुझा धर्म कोणता, तुझा पैगंबर कोण. त्यानंतरचा काळ 'बरजख', म्हणजे आड पडदा. मग एके दिवशी तुतारी फुंकली जाते आणि सर्व माणसे एका मैदानात गोळा होतात. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना लिहीत बसलेल्या फरिश्त्यांनी केलेली नोंद त्याच्या हातात पडते. तराजू लावला जातो आणि राईच्या दाण्याएवढे कृत्यही त्यातून सुटत नाही. पुढे पूल, आणि पुलापलीकडे बाग. या गोष्टींतील कोणती शब्दशः घ्यायची आणि कोणती रूपक म्हणून, यावर शतकानुशतके वाद झाले आहेत. माझ्या दादीला तो वाद ठाऊक नव्हता. तिला तराजू ठाऊक होता. दर सोमवारच्या बाजारात ती तराजूकडे डोळे लावून उभी राहिलेली मी पाहिली आहे.

या तराजूत केवळ नमाज-रोजे पडत नाहीत. पैगंबरांनी एकदा सोबत्यांना विचारले, दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याजवळ पैसाअडका नाही तो. पैगंबर म्हणाले, नव्हे. माझ्या लोकांतला दिवाळखोर तो, जो त्या दिवशी ढीगभर नमाज, रोजे, जकात घेऊन येईल. पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणावर आळ घेतलेला असेल, कोणाचे खाल्लेले असेल, कोणाला मारलेले असेल. मग त्याचे पुण्य त्या त्या माणसांना वाटून दिले जाईल. पुण्य संपले आणि देणे उरले, तर त्यांची पापे याच्या खात्यावर चढवली जातील. ही हदीस विश्वसनीय मानल्या जाणाऱ्या संग्रहात आहे. मी ती प्रथम वाचली तेव्हा आमच्याकडच्या सोसायटीच्या थकबाकीदारांची यादी डोळ्यांपुढे आली. वरून बंगला आणि आत बोजा.

शास्त्रात यालाच 'हुकूकुल्लाह' आणि 'हुकूकुल इबाद' असे दोन भाग म्हणतात: ईश्वराचे हक्क आणि माणसांचे हक्क. ईश्वर आपल्या हक्कांत चुकलेले माफ करील, तो दयाळू आहे. परंतु माणसाचे देणे त्या माणसाने सोडल्याशिवाय सुटत नाही. धर्मासाठी प्राण देणाऱ्याचीही सर्व पापे माफ होतात, कर्ज मात्र होत नाही, असे वचन आहे. म्हणूनच जनाजाच्या नमाजपूर्वी घरचा माणूस पुढे येऊन सांगतो, मयताकडे कोणाचे काही येणे असेल तर आम्हाला सांगा. वारसांनी वाटण्या करण्याआधी कर्ज फेडायचे, हा तर कुराणाचाच नियम.

आता दादीची गोष्ट.

शेवटच्या दिवसांत तिचे खाणे तुटले होते. एके दिवशी सकाळी ती अब्बांना म्हणाली, "अक्काकू बुला." अक्का म्हणजे आमच्या शेजारच्या. दोन्ही घरांची भिंत एक आहे. दादी लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हापासूनचा शेजार. अक्का आल्या, उशाशी बसल्या. दादी आमच्याशी दखनी बोलायची, अक्कांशी मराठी. ती म्हणाली, "अक्का, बहात्तरच्या दुष्काळात तुझ्याकडून दोन पायल्या बाजरी आणली होती. ती राहिलीय."

अक्कांना पहिल्यांदा काही कळेचना. मग हसू आले. "अगं, किती वर्षं झाली! त्याच्यानंतर तू माझ्या पोरीची दोन बाळंतपणं काढलीस. ती बाजरी कवाच फिटली."

"ते वेगळं. बाजरी बाजरीच्या जागी."

"बरं, राहू दे. पुढच्या जन्मी फेड."

यावर दादी जे म्हणाली ते मी जन्मात विसरणार नाही. "तुला पुढचा जन्म आहे अक्का, मला नाही. मला इथंच फेडू दे."

अक्का गप्प झाल्या. अब्बांनी त्याच दिवशी बाजारातून दोन पायल्या बाजरी आणून अक्कांच्या घरी मोजून दिली. दादीने ती मोजताना मला दारात उभे केले होते, माप बरोबर पडते की नाही ते पाहायला. मग संध्याकाळी दोघींनी एकमेकींना, बोललं-चाललं माफ, असे म्हटले. दादीने अक्कांकडून तोंडाने म्हणवून घेतले. नुसती मान हलवलेली तिला चालली नाही. शेवटी अक्का म्हणाल्या, "मग माझंबी माफ कर. मीबी लई बोलले असंन तुला." या वाक्याला मात्र दोघी रडल्या.

आपल्याकडे 'ऋणानुबंध' हा फार सुंदर शब्द आहे. एका जन्मीचे देणे-घेणे पुढच्या जन्मी माणसांना पुन्हा एकत्र आणते, ही त्यामागची कल्पना. अक्का त्या कल्पनेत वाढल्या. त्यांना घाई नव्हती. दादीच्या हातात एकच जन्म होता आणि तो संपत आला होता. दोन्ही कल्पनांपैकी कोणती खरी हे सांगणारी मी कोण? पण एका जन्माच्या हिशेबाने माणसाला किती निकडीने शेजाऱ्याच्या दारात नेऊन उभे केले ते मी पाहिले. स्वर्गाच्या कल्पनेमुळे माणसे या जगाकडे पाठ फिरवतात असे आपण पुस्तकांत वाचतो. आमच्या घरी तर उलटेच घडले.

या मापाने मोठमोठ्यांचे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. मोगल दरबारात बादशहा मेला की त्याला स्वर्गातला पत्ता बहाल करण्याची रीत होती. बाबर 'फिरदौस-मकानी', हुमायून 'जन्नत-आशियानी', जहांगीर 'जन्नत-मकानी'. औरंगजेब 'खुल्द-मकान' झाला, म्हणजे ज्याचे घर शाश्वत बागेत आहे तो. त्यावरूनच रौजा या गावाचे नाव खुलताबाद पडले. (आपणही प्रत्येकाला कैलासवासी किंवा वैकुंठवासी करून टाकतो, तेव्हा फार हसू नये.) हा बादशहा १७०७ साली आपल्याच जिल्ह्यात, अहमदनगरच्या छावणीत मेला. टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांतून आपल्या कफनाचा खर्च व्हावा अशी त्याची इच्छा होती, असे सांगतात. त्याची कबरही उघड्या आभाळाखाली, साधी आहे. धर्माच्या पहिल्या खात्यात, ईश्वराच्या हक्कांच्या खात्यात, त्याने कसूर ठेवली नाही असे त्याचे चाहते म्हणतील. पण दुसऱ्या खात्याचे काय? वडील कैदेत, भाऊ मारलेले, १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा हालहाल करून वध, पंचवीस वर्षे दक्षिणेत चाललेली लढाई आणि तिच्यात उजाडलेली गावे. दादीने दोन पायल्या बाजरीसाठी ज्या तराजूची धास्ती घेतली, त्याच तराजूपुढे त्यालाही उभे राहायचे आहे आणि देणेकऱ्यांची रांग फार लांब आहे. त्याने अखेरच्या दिवसांत मुलांना लिहिलेली म्हणून जी पत्रे प्रसिद्ध आहेत, त्यांत आपल्या पापांचे काय होणार या भीतीचा सूर आहे. कारकुनांना पत्ता ठाऊक होता, बादशहाला नव्हता. त्या कबरीवरून जे आज हमरीतुमरीवर येतात, त्यांपैकी एका बाजूने हे दुसरे खाते विसरू नये, आणि दुसऱ्या बाजूने हे लक्षात घ्यावे की त्या खात्याचा नियम खुद्द इस्लामनेच सांगितला आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. हिशेब मेल्यावर होणार म्हटले, की जिवंतपणी अन्याय सोसत राहा असाच त्याचा अर्थ होत नाही का? हमीद दलवाईंचा सारा झगडा याच्याशी होता. १९६६ साली ते सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले, तोंडी तलाकाविरुद्ध. १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. ते परलोक मानीत नव्हते. १९७७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार कोणताही धार्मिक विधी न करता त्यांचे दहन झाले. आमच्या घरात हे नाव आदराने घेतले जात नसे. तरीही मला वाटते की या एका मुद्द्यावर दलवाई आणि दादी यांची गाठ पडते. ज्या नवऱ्याने तीन शब्दांत बायकोला रस्त्यावर काढले, त्याला दादीच्या हिशेबानेही ते देणे येथेच फेडायला हवे होते. तेथे गेल्यावर फेडायला नाणे नसते, केवळ पुण्य कापून दिले जाते. तोंडी तलाक २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला आणि २०१९ साली तसा कायदा झाला. कयामतची वाट पाहण्याचा सल्ला देणारे वक्ते त्या आधीची पन्नास वर्षे कोणाचे हक्क सांभाळीत होते, हे त्यांनी आपापल्या तराजूला विचारावे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. तो माझा नव्हे, अक्कांचा आहे. दादीच्या चाळिसाव्याला त्या आमच्याकडे आल्या होत्या. भांडी विसळता विसळता मला म्हणाल्या, "का गं, तुमच्या त्या बागेत तिला मी भेटंन का? का आम्हाला येऊ देत नाहीत?"

मौलवींचे सर्वसाधारण उत्तर मला माहीत होते आणि ते अक्कांना सांगण्याची माझी हिंमत नव्हती. मी शोधत राहिले. कुराणातच एक आयत आहे, तीत यहुदी, ख्रिस्ती आणि साबी यांपैकी जे ईश्वरावर व अंतिम दिवसावर विश्वास ठेवून सत्कृत्य करतील त्यांना भय नाही असे म्हटले आहे. तिचा अर्थ कसा लावायचा यावर टीकाकारांत मोठे वाद आहेत, आणि तीत अक्कांचे नाव नाही हेही खरे. उलट श्रद्धेची अट कडक करणाऱ्या आयतीही आहेत. त्या लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मग मला अकराव्या-बाराव्या शतकातील इमाम गजाली सापडले. गजाली म्हणजे कोणी बंडखोर नव्हे, सनातन पंथाचा आधारस्तंभ. त्यांनी लिहून ठेवले आहे, की ज्यांच्यापर्यंत पैगंबरांचा संदेश पोचलाच नाही, किंवा पोचला तो विकृत स्वरूपात, ते दोषी नाहीत. आपल्या काळातील बहुतेक रोमी ख्रिस्ती आणि तुर्क ईश्वराच्या दयेत सामावले जातील अशी त्यांना आशा होती. नऊशे वर्षांपूर्वी एवढे मन मोठे करता येत होते. आज आमच्याच गल्लीतली माणसे एकमेकांना सहज दोजखात पाठवतात. त्यासाठी परवानाही लागत नाही.

माझ्या मनाला आणखी एक आधार मिळाला तो एका कुत्र्याचा. हदीस अशी, की एका बदनाम बाईने विहिरीशी तहानेने जीभ काढून बसलेले कुत्रे पाहिले. तिने आपल्या पायातली मोजडी काढून तीत पाणी भरले आणि त्याला पाजले. तेवढ्यावर ईश्वराने तिला क्षमा केली. आता ज्या बाईने दुष्काळात स्वतःच्या मडक्यातली बाजरी शेजारणीला काढून दिली, आणि वसुलीला कधी आली नाही, तिला त्या बागेच्या दारात कोण अडवील? हे माझे मत आहे, फतवा नव्हे. चुकत असेन तर जाणत्यांनी दाखवून द्यावे.

मृत्यूकडे पाहण्याची आणखी एक रीत आपल्याकडे रुजली आहे आणि ती आपल्या तालुक्याच्या इतिहासातच सापडते. 'उरूस' हा शब्द आपण जत्रेसारखा वापरतो. पाळणे, रेवड्या, कुस्त्या. मूळ अरबीत 'उर्स' म्हणजे लग्न. सूफी संताचा मृत्यू हा त्याचा ईश्वराशी विवाह, म्हणून पुण्यतिथी ही लग्नाची तिथी. १८९७ साली कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांनी साईबाबांविषयीच्या कृतज्ञतेने शिर्डीत उरूस भरवण्याची कल्पना काढली, असे साईसच्चरितात आहे. शिर्डी त्या वेळी कोपरगाव तालुक्यात होती. हा उरूस रामनवमीला भरू लागला, कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्करांनी त्यात संदलची मिरवणूक सुरू केली आणि १९१२ पासून तेथे रामजन्माचा उत्सव होऊ लागला. एका गोपाळरावांनी उरूस मागावा, तो रामनवमीला भरावा आणि कोणालाही त्यात वावगे वाटू नये, हे आपल्याच तालुक्यात घडलेले आहे.

अक्कांना मी गजालींचे म्हणणे सांगायला गेले. त्या शेंगा निवडीत होत्या. मी बरेच बोलले, नावे घेतली, शतके सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "हे तिला माहीत होतं का?" मी म्हटले, नाही. "मग तिला काय वाटायचं?" मला ते ठाऊक नव्हते. पण दादी गेली त्या दिवसाची एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, कारण ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

दादीला जुहरनंतर नेले. मी मुलगी, कबरस्तानापर्यंत गेले नाही. पुरुषमंडळी मूठ-मूठ माती देऊन परत आली तेव्हा दिवस कलला होता. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी जेवण द्यायचे, ही रीत गल्लीतल्या सगळ्याच घरांत आहे. दिवेलागणीला अक्का आणि त्यांची सून दुरडी घेऊन आल्या. पिठले होते, ठेचा होता आणि फडक्यात गुंडाळलेल्या गरम भाकरी होत्या. अब्बा जेवायला बसत नव्हते. अक्का त्यांच्यापुढे बसल्या आणि म्हणाल्या, "खा रे बाबा. तिच्याच बाजरीच्या आहेत. सकाळी दळून आणली."